गेम बनवण्याच्या नोकरीआधी हिंसेविषयी आपले मत कसे ठरवावे

मुंबईतल्या एखाद्या गेम स्टुडिओत नोकरी लागल्याचे घरी सांगितले, की पेढ्यांच्या आधी प्रश्न येतो. लालबागला आमच्या घरी तो आजीने विचारला, "म्हणजे माणसं मारायचे खेळ बनवणार तू?" "अगं, नुसता खेळ असतो तो," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पुढे एका मुलाखतीत तोच प्रश्न अधिक सभ्य शब्दांत आला आणि ते उत्तर तिथे टिकले नाही. म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने अर्ज पाठवण्याआधीच आपले मत पक्के करावे.

सुरुवात संशोधनापासून करावी, पण तिथे फार रेंगाळू नये. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक खेळांत घालवलेला वेळ आणि पालकांनी नोंदवलेले मुलांचे आक्रमक वागणे यांचा संबंध त्यात आढळला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये असे म्हटले की ओरडणे, ढकलणे अशा वर्तनाशी या खेळांचा लहानसा संबंध दिसतो, मात्र प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. मुलाखतीत या दोन्ही गोष्टी सांगाव्यात. केवळ सोयीची तेवढी सांगणारा उमेदवार धंद्याचा वकील वाटतो.

खरे काम यानंतरचे आहे. ज्या प्रकारचे खेळ तुम्हाला बनवायचे आहेत, त्यांतला एक घ्यावा आणि शेजारी वही ठेवून तासभर खेळावा. खेळाने गुण, शस्त्र किंवा पुढचा टप्पा बहाल केला, की तो कशाबद्दल मिळाला ते लिहावे. कोणाला मारता येते आणि कोणाला मारताच येत नाही, मेलेल्याचे पुढे काय होते, न मारता पुढे जाण्याची वाट आहे का आणि त्या वाटेने जाणाऱ्याच्या पदरात काय पडते, हेही नोंदवावे. ल्युडोत आपण सोंगटी "मारतो" आणि आनंदाने ओरडतो, तरी त्याला कोणी हिंसक म्हणत नाही. उलट, रक्ताचा थेंबही न दाखवणारा एखादा खेळ निराधारांना चिरडण्याबद्दल सतत बक्षीस देत असू शकतो. चित्रात काय दिसते यापेक्षा नियम खेळाडूकडून काय करवून घेतो हे पाहिले, तरच आपले मत खेळ बनवणाऱ्याचे ठरते. नाहीतर ते प्रेक्षकाचेच राहते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या लोकलच्या डब्यात रोज खेळले जाते. पबजी मोबाइल या गोळीबाराच्या खेळावर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, ती हिंसेमुळे आली असे अनेकजण समजतात. प्रत्यक्षात एकूण ११८ ॲपवरच्या त्या बंदीचे कारण देशाची सुरक्षितता हे दिले गेले होते. पबजीच्या जागी आलेल्या बीजीएमआयमध्ये (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) रक्त हिरवे झाले आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली. वेळेची मर्यादा मला पटते. हिरव्या रक्ताचे मात्र हसू येते, कारण शेवटी एकटा उरेल तो जिंकेल हा नियम जसाच्या तसा आहे.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारावेत. चाचणी विभागात असाल, तर एकच मृत्यू आठवडाभर शेकडो वेळा पाहावा लागू शकतो. ॲनिमेटरला जखमांची खरी छायाचित्रे संदर्भ म्हणून चाळावी लागू शकतात. अशी कामे आळीपाळीने दिली जातात का, आणि नकार दिल्यास दुसऱ्या चमूत जाता येते का, हे रुजू होण्याआधी विचारणे उद्धटपणाचे नाही. आपण कोणते काम करणार नाही, हे एका वाक्यात लिहून ठेवावे. माझ्या वाक्यात तलवार-बंदूक नाही. लहान मुलांना पुन्हापुन्हा पैसे खर्चायला लावणारे बटण आहे.

घरच्यांना मात्र अभ्यास आणि आकडे ऐकवू नयेत, काम दाखवावे. मी आजीला मी बनवलेल्या लेव्हलमधला, म्हणजे खेळाच्या एका टप्प्यातला, एक वाडा दाखवला, ज्यात पहारेकऱ्याला न मारता वर जाता यावे म्हणून, चाळीला असतो तसा, मागचा जिना ठेवला होता. तिने तो नीट पाहिला आणि विचारले, "पण लोक या जिन्याने जातात का?" चाचणीतले बहुतेक खेळाडू जात नव्हते, कारण तो अंधारात होता. सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी त्या जिन्याच्या पहिल्या पायरीशी एक कंदील ठेवला.