काय-स्क्वेअर चाचणी हाताने कशी करावी?

धूम्रपान आणि जुनाट खोकला यांचा संबंध आहे का? दोन्ही बाजूंना ‘हो-नाही’ किंवा गट असले की काय-स्क्वेअर चाचणी वापरतात. कार्ल पिअर्सनने ती १९०० साली मांडली. वजन, रक्तदाब अशा मोजमापांच्या सरासरीची तुलना करायची असेल, तर ही चाचणी चालत नाही.

आधी तक्ता मांडा. समजा, २०० जणांची नोंद आहे. धूम्रपान करणारे ८०, त्यांपैकी ३२ जणांना खोकला. न करणारे १२०, त्यांपैकी २४ जणांना. तक्त्यात माणसांची संख्याच लिहा, टक्केवारी नको. आणि एक माणूस एकाच चौकटीत हवा. दवाखान्याच्या नोंदींत एकच रुग्ण तीनदा आलेला असतो, तो तिघे म्हणून मोजला जातो. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

आता संबंध नाहीच असं धरून चाला. तसं असतं तर प्रत्येक चौकटीत किती जण आले असते? ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण. एकूण ५६ जणांना खोकला आहे, म्हणून धूम्रपान करणाऱ्यांत अपेक्षित संख्या ८० × ५६ ÷ २०० = २२.४. प्रत्यक्षात निघाले ३२. उरलेल्या चौकटींत ३३.६, ५७.६ आणि ८६.४ येतात. एखादी अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी आली, तर फिशरची अचूक चाचणी घ्या.

प्रत्येक चौकटीतला फरक ९.६, त्याचा वर्ग ९२.१६. त्याला त्या-त्या अपेक्षित संख्येने भागून बेरीज करा: ४.११ + २.७४ + १.६० + १.०७ = ९.५२. दोन ओळी, दोन स्तंभ, म्हणजे स्वातंत्र्यमात्रा, (ओळी − १) × (स्तंभ − १), आली १. तिच्यासाठी ५ टक्के पातळीची सीमा ३.८४, म्हणजे संबंध नसताना बेरीज फक्त ५ टक्के वेळा याच्या पुढे जाते. आपण बरेच पुढे आहोत, पी-व्हॅल्यू (संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) साधारण ०.००२. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ८.५६ दिसलं तर गोंधळू नका, तिथे येट्सची दुरुस्ती (प्रत्येक फरक थोडा कमी करून घेणं) आपोआप लागते.

पण हा आकडा संबंध किती घट्ट आहे ते सांगत नाही. तेच प्रमाण ५० जणांत घ्या: २० पैकी ८, ३० पैकी ६. टक्के तेच, ४० आणि २०. काय-स्क्वेअर मात्र २.३८, सीमेच्या आत. म्हणून अहवालात पी-व्हॅल्यूशेजारी दोन्ही टक्के द्याच. धूम्रपान करणारे वयानेच मोठे होते का, हे या तक्त्यातून कळणार नाही. त्यासाठी प्रत्येक वयोगटाचा तक्ता वेगळा मांडावा लागेल.