वेस्ट केनेट लाँग बॅरो बघायला जायचं तर असं जा

इंग्लंडमधल्या विल्टशरला गेलेले बरेच लोक स्टोनहेंज करून परत फिरतात, पण तिथून गाडीने साधारण पाऊण तासावर एव्हबरीजवळ लांबलचक टेकाडाखालचं हे थडगं आहे आणि त्याच्या आत चक्क चालत जाता येतं, तिकीट पण नाही. बांधलंय इ.स.पू. ३६५० च्या आसपास, म्हणजे स्टोनहेंजच्या त्या मोठ्या दगडांच्या हजारेक वर्षं आधी.

गाडी सिल्बरी हिलजवळ ए४ रस्त्याच्या कडेला ले-बायमधे, म्हणजे गाड्या थांबवायच्या जागेत लावायची. मग केनेट नदीवरचा छोटा पूल आणि पुढे शेतातून चढ, पंधरा-वीस मिनिटं. पाऊस झाला असेल तर चिखल होतो, चांगले बूट घाला. टॉयलेट तिथे नाहीये, एव्हबरी गावातच उरकून या.

वर पोचलात की लगेच आत घुसू नका प्लीज. आधी टेकाडाच्या बाजूने पार दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा, १०० मीटर लांब आहे ते, आणि मग आत शिरा म्हणजे कळेल की खोल्या फक्त पूर्वेच्या टोकाला आहेत, जेमतेम १२ मीटर आत गेलं की संपलं, बाकी सगळा नुसता भराव. पाच छोट्या खोल्यांसाठी एवढं मोठं टेकाड रचलं माणसांनी! फोटोत हे अजिबात कळत नाही, पायाखालून गेलं की कळतं.

तोंडाशी जे प्रचंड दगड उभे आहेत ते शोभेचे नाहीत बरं का, ते दार बंद करायला खूप नंतर लावलेत. त्यांच्या मागून वळसा घालून आत जायचं. टॉर्च हवाच, छतातल्या काचेतून थोडाच उजेड येतो. १८५९ मधे आणि मग १९५५-५६ मधे इथे खोदकाम झालं आणि निदान ३६ जणांची हाडं मिळाली, बायका, पुरुष, लहान मुलं सगळे. २००७ मधे हाडांचा काळ ठरवणारी जी रेडिओकार्बन तपासणी जाहीर झाली त्यात कळलं की ही सगळी माणसं जास्तीत जास्त तीसेक वर्षांत इथे आणून ठेवलेली, म्हणजे एकमेकांना ओळखणारीच असणार. मला तरी तिथे उभं राहून हेच सारखं आठवत होतं. हाडं आता आत नाहीत, सापडलेल्या वस्तू बघायच्या तर डिव्हायझेसच्या विल्टशर म्युझियमला जा.

आत मेणबत्त्या लावू नका, कोणी लावलेल्या दिसल्या तरी. काजळी दगडावर कायमची बसते आणि उष्णतेने दगड तडकतात. आत कोणी शांत बसलेलं असेल तर थोडं बाहेर थांबा, जागा खरंच लहान आहे.

बाहेर आलात की समोर सिल्बरी हिल दिसेल, तीही माणसांनीच रचलेली, पण तिच्यात थडगं काही सापडलेलं नाही. तिच्यावर चढायला बंदी आहे, इथूनच बघा, इथून छान दिसते.