काळ्या कातळावर मित्रांसोबत एक दिवस

धुळे-जळगावकडच्या ज्यांना प्रस्तरारोहण करायचंय, त्यांच्यासाठी लिहितोय. चार-पाच जण पुरे. त्यातल्या दोघांना तरी अँकर, म्हणजे माथ्यावर दोर अडकवायची पक्की बांधणी, लावता यायला हवा, आणि तोही जाणत्या माणसाच्या हाताखाली, शिबिरात शिकलेला. व्हिडिओ बघून शिकलेल्याच्या अँकरवर मी कुणाला चढू देत नाही.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलाच धरा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो, दगडाला हात लावता येत नाही. थंडीतही पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत निवडा, सकाळभर सावली मिळते. दहा-बारा मीटर उंची भरपूर झाली, पण माथ्यावर मागच्या बाजूने चालत जाता आलं पाहिजे. किल्ल्यांच्या तटावर आणि लेण्यांवर चढायचं नाही. पाटणादेवीचा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याला आधी विचारा.

आपला कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. घट्ट, काळ्या बेसाल्टवर धार पकडायला मजा येते. पण दोन थरांच्या मधे कुठे कुठे लालसर, मातकट पट्टा असतो, तो नखानेही सुटतो. प्रत्येक पकड आधी तळहाताने थापटा. पोकळ आवाज आला की ती सोडा, कितीही सोयीची दिसली तरी. चढण्याआधी खाली उभं राहून अख्खी भिंत न्याहाळा. आग्या मोहोळ दिसलं तर जागा बदला, त्यात वाद नको. धूर, अत्तर, आरडाओरडा तिथे चालत नाही.

सगळ्यात जास्त वेळ अँकरला द्या. माथ्यावर काम करणाऱ्याने आधी स्वतःला बांधून घ्यावं. एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन आधार हवेत: जाड, जिवंत झाड, जमिनीत रुतलेला मोठा खडक किंवा कातळात बसवलेला पक्का बोल्ट. गंजलेला बोल्ट मी आधारात धरतच नाही. दोन्हीकडून येणाऱ्या स्लिंगमधला (आधाराला अडकवलेल्या मजबूत पट्ट्यांमधला) कोन ६० अंशांच्या आत ठेवा. तो १२० अंशांवर गेला की प्रत्येक आधारावर पूर्ण वजनाइतका ताण येतो. बेसाल्टची कड धारदार असते, तिथे गोणपाटाची जाड घडी घाला आणि तीही बांधून ठेवा. मुख्य दोर दोन लॉकवाल्या कॅराबिनरमधून (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्यांमधून) जावा, त्यांची तोंडं उलटसुलट.

खाली, चढणाऱ्याची आठाची गाठ (दोर त्याच्या कमरपट्ट्याला बांधणारी) बिले देणाऱ्याने, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याने, हाताने चाचपायची आणि बिले देणाऱ्याचं लॉक चढणाऱ्याने. दर वेळी, दहाव्या चढाईलाही. बिले देणाऱ्याचा ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा, हात दोरावरून सुटता कामा नये; फोन आला तर वाजू द्या. हाका आधीच ठरवा: ‘चढू?’, ‘चढ’, ‘दोर घे’, ‘सोड’. दगड निसटला तर आमच्याकडे ‘दगड उनाऽऽ’ अशी अहिराणीतच हाक जाते. ती ऐकली की वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं. हेल्मेट पायथ्याशी बसलेल्यांनीही घालायचं.

नव्या माणसाला एकच गोष्ट सांगा: हाताने ओढू नको, पायावर उभा राहा. टाच खाली, बुटाचं टोक नेमक्या धारेवर.

इथे हात बसला की पुढे कर्नाटकातल्या बदामीला जाच. तिथला तांबूस वालुकाश्म वेगळा, बुटाला छान धरतो. पण वालुकाश्म ओला झाला की त्याची ताकद घटते, पकडी तुटतात. पावसानंतर तो आतून वाळेपर्यंत थांबायचं. वरून कोरडा दिसला म्हणून चढायचं नाही.

माणशी चार लिटर पाणी घ्या. कळण्याची भाकरी, ठेचा, केळी एवढं जेवण पुष्कळ. १०८ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या आणि रेंज कुठे येते ते सकाळीच बघून ठेवा.

ऊन भिंतीवर आलं की थांबा. अँकर काढायला दोघं जा, घाई करू नका. घरी आल्यावर दोर हातातून हळूहळू सरकवत तपासा. कुठे मऊ, चपटा किंवा आतला गाभा दिसणारा भाग लागला तर तो दोर चढाईतून बाद.