पुण्यात भाड्याचं घर बघताय? ही तयारी करा, आणि अॅग्रीमेंटचा ड्राफ्ट वाचा

आधी पैसे. भाडं दरमहा झेपेल का एवढाच हिशोब लोक करतात आणि चावी हातात यायच्या आधी एकरकमी किती जाणार हे विसरतात. समजा भाडं 15,000 आणि डिपॉझिट 50,000, त्यात पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, ब्रोकर असेल तर बहुतेक वेळा अजून एका महिन्याचं भाडं त्याला, वर टेम्पो, म्हणजे ऐंशी-नव्वद हजार आठवडाभरात खात्यातून जाणार. तेवढे बाजूला नसतील तर अजून घरं बघायला निघू नका, कारण आवडलं की माणूस उसने आणतो आणि मग घाईत सही करतो.

अॅग्रीमेंटच्या खर्चात मात्र लोकांना सर्रास उल्लू बनवतात, म्हणून हे माहीत पाहिजे. लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे घरभाड्याच्या नेहमीच्या करारावर, स्टॅम्प ड्युटी 0.25 टक्के, ती पूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी जे व्याज धरतात त्यावर. वरच्या उदाहरणात 11 महिन्यांची मिळून ती पाचशेच्या आसपास येते. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी 1,000. वर ऑनलाइन रजिस्ट्रेशनच्या पोर्टलची किरकोळ फी. बाकी जे मागतात ते अॅग्रीमेंट करून देणाऱ्या एजंटचं घरी येण्याचं आणि टायपिंगचं, ते द्या की, त्याचंही पोट आहे, पण "सरकारीच चार-पाच हजार लागतात" म्हणाला तर फोड मागा. आणि त्याच वेळी ड्राफ्टही मागा. का ते पुढे सांगतो.

एरिया ज्याचा त्याने ठरवावा. फक्त एक, आता पिंपरी ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी मेट्रो चालू आहे तर ऑफिसच्या शेजारीच घर पाहिजे हा हट्ट सोडा. दापोडी, कासारवाडी, फुगेवाडी या बाजूला स्टेशनपासून चालत अंतरावर लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगा बघा, तिसऱ्या मजल्याला भाव कमी लावून घेता येतो. जून-जुलैत शोधू नका, कॉलेजची पोरं आलेली असतात आणि मालक मान वर करून बोलतात. पितृपक्षात बघा! कोणी शिफ्ट होत नाही, फ्लॅट रिकामा पडलेला असतो, मालक भाड्यात हजार-पाचशे ऐकतो. तुमचा विश्वास असेल तर सामान नवरात्रात हलवा, बोलणी तेव्हाच करून टाका.

साइट्सवर बघा, सोसायटीच्या वॉचमनला विचारा, किराणा दुकानदाराला विचारा, फेसबुकच्या ग्रुपवर बघा. पण घर न बघता एक रुपया पाठवायचा नाही. "मी आर्मीत आहे, बदली झालीय, गेट पाससाठी टोकन टाका, क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे परत येतील" हा माणूस चोर आहे, त्याने युनिफॉर्ममधला फोटो आणि आयकार्ड पाठवलं तरी चोरच आहे. पैसे घ्यायला कधीच यूपीआय पिन टाकावा लागत नाही. गेलेच तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

बॅचलर असाल, किंवा आडनावावरून विचारपूस होणार असेल, तर फोनवरच स्पष्ट विचारा, राग येतो पण पेट्रोल वाचतं. खाण्यापिण्याचंही तसंच. सोसायटीचा सेक्रेटरी एनओसीच्या नावाखाली देणगी मागत असेल तर ते मालकाला निस्तरू द्या. भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांपर्यंतच लावू शकते आणि ते मालकाने भरायचे असतात.

घर बघताना भिंतीचा रंग बघू नका, पाणी बघा. कॉर्पोरेशनचं येतं का, किती वाजता, किती वेळ, उन्हाळ्यात टँकर लागतो का, टँकरचे पैसे कोण देतं. हे मालकाला विचारू नका, समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना विचारा. वाघोली-उंड्री बाजूला घेणार असाल तर दोनदा विचारा. बाथरूमच्या मागची भिंत आणि कपाटाच्या आतली बाजू हात लावून बघा, ओल तिथे लपवतात. लाइटचं वेगळं मीटर आहे का सबमीटर, कारण सबमीटरवर मालक मनाचा रेट लावतो. पार्किंग, नेटवर्क, हे तुम्हाला कळतं.

मग मालकाचे कागद. तुमचे आधार-पॅन मागतात ना, तसे तुम्हीही मागायचे, लाजायचं काय त्यात. इंडेक्स टू (घर कोणाच्या नावावर रजिस्टर झालंय त्याचा उतारा), टॅक्सची पावती, चालू लाइट बिल, तिन्हीवर नाव एकच पाहिजे आणि डिपॉझिट त्याच नावाच्या खात्यात गेलं पाहिजे. पुण्यात अर्धे मालक अमेरिकेत असतात आणि व्यवहार इथले मामा-काका बघतात, चालतं, पण मामांकडे पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे मालकाच्या वतीने सही करायचा अधिकार, आहे का ते कागदावर बघा. लाइट बिलावर थकबाकीही दिसते.

आता ड्राफ्ट. हल्ली रजिस्ट्रेशन ऑनलाइन होतं, एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशिन घेऊन घरी येतो, चहा होतो, गप्पा होतात, दोन साक्षीदार आधार घेऊन बसलेले असतात, त्यांना घाई असते, आणि एजंट म्हणतो "स्टँडर्डच आहे सर, लावा अंगठा". मागच्या वेळी मी लावला. त्या स्टँडर्डमध्ये पूर्ण 11 महिन्यांचा लॉक-इन होता, म्हणजे तोवर घर सोडलं तरी भाडं भरायचं, नोकरी बदलल्यावर सहाव्या महिन्यात सोडायची वेळ आली आणि डिपॉझिट जवळजवळ सगळं उरलेल्या भाड्यात आणि पेंटिंगमध्ये गेलं. सगळं लिहिलेलं होतं, माझ्याच अंगठ्याखाली. म्हणून सांगतो, ड्राफ्टची पीडीएफ आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर आली पाहिजे. नाही आली तर अंगठा नाही, एजंट दारात उभा असला तरी नाही.

त्यात काय बघायचं? लॉक-इन किती आणि तो दोघांना आहे का फक्त तुम्हाला, बरेचदा मालक महिनाभराच्या नोटिसवर काढू शकतो आणि तुम्ही मात्र अडकलेले, असं एकतर्फी असेल तर बदलून घ्या, बदलतात, मागणारा लागतो. नोटिस एक महिना दोघांना. डिपॉझिटचा आकडा पूर्ण लिहिलाय का, काही जण वीस हजार कॅश घेतात आणि अॅग्रीमेंटमध्ये तीसच दाखवतात, ते वीस मग विसरा. डिपॉझिट कधी परत, "चावी देताना" असं लिहून घ्या, "यथावकाश" नको. पेंटिंगचे पैसे कापणार का आणि किती. मेंटेनन्स कोणाकडे. रिन्यू केलं तर भाडं किती टक्के वाढणार. पंखे, गीझर, गॅसची शेगडी, काय काय आहे त्याची यादी. फ्लॅट नंबर आणि विंग बरोबर आहे का, हसू नका, इथे चूक झाली तर तोच कागद गॅस कनेक्शनला चालत नाही आणि मुलाच्या आरटीई अॅडमिशनला पत्त्याचा पुरावा म्हणून देताना रडायची वेळ येते. राहणाऱ्या सगळ्यांची नावं. एवढं वाचायला अर्धा तास लागतो, तो अर्धा तास द्या.

आणि टोकनसुद्धा ड्राफ्ट बघूनच. टोकन गेलं की मालक बदल करत नाही, "आधी बोलायला हवं होतं" म्हणतो. ड्राफ्ट, मग टोकन, मग अंगठा, हा क्रम कोणी कितीही घाई केली तरी मोडायचा नाही.

कोणी म्हणालं रजिस्टर कशाला, नोटरी करू, तर ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, अॅग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर पाहिजे, जबाबदारी मालकाची, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. रजिस्टर नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, हे मालकाला गोड आवाजात सांगितलं की तो स्वतःच एजंटला फोन लावतो. उलट बाजूही लक्षात ठेवा, मुदत संपल्यावर रिन्यू न करता बसून राहिलात तर कलम 24 खाली दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागू शकते. म्हणून मुदत संपायच्या महिनाभर आधी मोबाइलमध्ये रिमाइंडर. रिन्यूअल म्हणजे नवीन अॅग्रीमेंट, म्हणजे नवीन ड्राफ्ट, म्हणजे पुन्हा वाचायचा, गेल्या वर्षीचाच आहे म्हणाले तरी.

अंगठ्याच्या दिवशी लागणारं सामान सगळ्यांना माहितीये, आधार, पॅन, साक्षीदार. आईवडिलांचं नाव घालणार असाल तर त्यांच्या बोटांचे ठसे मशिनवर पटकन येत नाहीत, वेळ हातात ठेवा. पैसे सगळे ऑनलाइन, रिमार्कमध्ये "डिपॉझिट" लिहून.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकाने द्यायची असते, ऑनलाइन होते, कॉपी मागून घ्या.

सामान आत न्यायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ, भिंती, नळ, काचा, सगळं, आणि मीटर रीडिंगचा फोटो. तो मालकाला त्याच दिवशी पाठवा, नुसता फोनमध्ये ठेवू नका. गॅस, वायफाय, पत्ता बदल, ते होतं निवांत. टेम्पोवाल्याला मजला आणि लिफ्ट आधी सांगा. रजिस्टर झालेल्या कॉपीची पीडीएफ एजंट मेल करतो, ती उघडून आदल्या दिवशीच्या ड्राफ्टशी ताडून बघा, लॉक-इनच्या ओळीपासून सुरू करा.