लिथियम-सल्फर सेलचं चार्जिंग संपतच नव्हतं: माझा अनुभव

चार्ज करताना व्होल्टेज 2.3-2.4 वर अडकायचं, 2.8 गाठायचंच नाही. म्हणजे पॉलिसल्फाइडची (सल्फरपासून बनणारी, सेलमधल्या द्रावणात विरघळणारी संयुगं) दोन्ही इलेक्ट्रोडमध्ये ये-जा. सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडमधला पडदा) बदलला, नवं लिथियम लावलं. काडीचा फरक नाही. जाम वैतागलो होतो.

गुण आला लिथियम नायट्रेटने, पण कोरड्या! गोव्याच्या पावसाळ्यात उघडं राहिलं की त्याचे खडे चिकटतात. म्हणून आधी 110 अंशांवर व्हॅक्यूममध्ये रात्रभर सुकवा, हवा न लागू देता ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेली हवाबंद पेटी) घ्या. सेलच्या द्रावणासाठी डीओएल-डीएमई ही दोन द्रावकं समप्रमाणात, त्यात 1 मोलर लिथियम टीएफएसआय हा क्षार, मग वजनाने 2 टक्के नायट्रेट. द्रावण नितळ होईस्तोवर ढवळा. लिथियमवर संरक्षक थर बसतो, चार्जिंग 2.8 ला थांबतं. डिस्चार्ज मात्र 1.8 लाच तोडा, 1.6 च्या खाली नायट्रेट सल्फर इलेक्ट्रोडमधल्या कार्बनवर खर्ची पडतं.