मॅडिसनमध्ये काँडो भाड्यानं घ्यायचा असेल तर

मॅडिसनशेजारच्या वेरोना गावी एपिक या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली की मुलं विचारतात, "काकू, अपार्टमेंट बघू की काँडो?" माझं उत्तर ठरलेलं आहे. काँडो बघा, पण आधी असोसिएशनची नियमावली मागा.

अपार्टमेंटची अख्खी इमारत एका कंपनीची असते. काँडोत प्रत्येक घराचा मालक वेगळा. नव्यानं अमेरिकेत आलेल्याला क्रेडिट हिस्टरी, म्हणजे उधारी वेळेवर फेडल्याची नोंद, नसते, आणि मोठ्या कंपन्यांकडे अर्ज बहुधा तिथेच अडकतो. एकटा मालक मात्र ऑफर लेटर बघतो, चार शब्द बोलतो आणि पुष्कळदा तयार होतो. शिवाय घरातच वॉशर-ड्रायर आणि तळघरात गाडीची जागा मिळण्याची शक्यता जास्त.

पण या मालकाच्या डोक्यावर असोसिएशन असते, आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीसारखीच. किती घरं भाड्यानं द्यायची यावर पुष्कळ ठिकाणी मर्यादा असते. भाडेकरू फार झाले की तिथं घर घेणाऱ्यांना कर्ज द्यायला बँका कुरकुर करतात, म्हणून. तेव्हा मालकाला पहिला प्रश्न हाच: भाड्यानं द्यायची परवानगी आहे ना, आणि ती लेखी दाखवता का? मग नियमावली नीट वाचा. सामान आणताना लिफ्टचं बुकिंग लागतं का, त्याचे वेगळे पैसे आहेत का, बाल्कनीत बार्बेक्यूचं ग्रिल चालतं का, लीज किमान किती महिन्यांचं हवं. नियम मोडला तर दंड मालकाला होतो आणि लीजमध्ये तसं कलम असेल तर तो तुमच्याकडून वसूल होतो. मालकानं मध्येच घर विकायला काढलं तर तुमचं काय, हेही लीजमध्ये शोधा.

शोधायचं कुठं? झिलो ही घरांच्या जाहिरातींची वेबसाइट आहेच, पण ऑफिसच्या ग्रुपवर आणि मराठी मंडळातही विचारा. वेळेचं म्हणाल तर विद्यापीठाच्या कॅम्पसजवळची बहुतेक लीजं १४ ऑगस्टला संपतात आणि नवी १५ला सुरू होतात. त्या दोन दिवसांत रस्त्यावर सोफ्यांचे ढीग लागतात आणि सामान हलवायला ट्रक मिळत नाही. काँडोवाले या चक्रात फारसे नसतात, त्यामुळे एरवीही घरं निघतात.

जाहिरात आवडली की लगेच पैसे पाठवू नका. विक्रीच्या जाहिरातीतले फोटो उचलून खोटी भाड्याची जाहिरात टाकणारे पुष्कळ आहेत. मॅडिसन शहराच्या असेसरच्या, म्हणजे करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, वेबसाइटवर पत्ता टाकला की मालकाचं नाव फुकट दिसतं. लीजवरचं नाव त्याच्याशी जुळवा. तेच नाव विस्कॉन्सिनच्या कोर्टाच्या वेबसाइटवर, म्हणजे सीसीएपीवर, टाकून भाडेकरूंशी भांडणं झालीत का तेही पाहा. मालक तुमचं नाव तिथं बघणारच असतो! "मी परदेशात आहे, किल्ली कुरियरनं पाठवतो" असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या. तुम्ही अजून पुण्यात असाल तर इथल्या ओळखीच्या माणसाला घर बघायला पाठवा.

घर बघायला गेलात की आधी स्वयंपाकघरात जा. शेगडीवरच्या मायक्रोवेव्हचा पंखा हवा बाहेर टाकतो की जाळीतून गाळून परत तोंडावर सोडतो, हे कुणी सांगत नाही. त्याच्या वरचं कपाट उघडा. आत पत्र्याची नळी वर किंवा भिंतीत गेलेली दिसली तर बहुतेक काम झालं. मग पंखा लावून वरच्या जाळीसमोर हात धरा. हवा हाताला लागली तर फोडणीचा धूर घरातच फिरणार, हिंग-मोहरीचा वास कोटांना बसणार आणि स्मोक अलार्म बोंबलणार. जानेवारीत इथं पारा शून्याच्या पुष्कळ खाली असतो, त्यामुळे खिडकी उघडण्याचा पर्याय नसतो.

मग हीटिंग. भिंतीच्या कडेनं खाली लांबट विजेचे हीटर असतील तर हिवाळ्याची बिलं जड जातात. घर गरम करणारी गॅसची भट्टी (फर्नेस) बरी. काही जुन्या इमारतींत हीटिंग असोसिएशनच्या वर्गणीतच येतं, ते मात्र लीजमध्ये लिहून घ्या. एमजीई या वीज-गॅस कंपनीच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की त्या घराचं सरासरी बिल दिसतं. मालकाच्या "फार येत नाही हो"पेक्षा तो आकडा बघा.

गाडीच्या जागेचा नंबर लीजवर हवाच. रस्त्यावर लावायची तर १५ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात शहरानं बर्फाची आणीबाणी जाहीर केली की रात्री १ ते ७ गाडी रस्त्याच्या एकाच बाजूला लावता येते, सम तारखेला सम घरनंबरांच्या बाजूला आणि विषमला विषम. गाडी नको असेल तर २०२४मध्ये सुरू झालेल्या रॅपिड बसच्या ए मार्गाजवळ घर शोधा. कॅपिटॉल (राज्याचं विधिमंडळ), कॅम्पस आणि हिलडेलचं शॉपिंग सेंटर एका बसमध्ये होतं.

लीजची प्रत दाखवल्याशिवाय मालकाला डिपॉझिट घेता येत नाही, असा विस्कॉन्सिनचा नियमच आहे. किल्ली मिळाली की घरातले आधीचे दोष नोंदवायला ७ दिवस मिळतात. कार्पेटचे डाग, काउंटरवरचे ओरखडे, बाथरूमचे कोपरे, सगळ्याचे फोटो काढून ईमेलनं पाठवा. भाडेकरूचा विमाही त्याच आठवड्यात काढा, कारण मालकाच्या विम्यात तुमचं सामान येत नाही. घर सोडताना नवा पत्ता लेखी द्या. डिपॉझिट, किंवा कापलेल्या पैशांचा हिशेब, २१ दिवसांत त्याच पत्त्यावर यायला हवा.