डेंड्रोबियमची पानं भाजली, कांड्या सुरकुतल्या: गच्चीवरचा माझा अनुभव

सांगलीत मार्चअखेर डेंड्रोबियम या ऑर्किडच्या दोन कुंड्या घरातून गच्चीवर नेल्या. आठवड्यात वरच्या पानांवर पांढरट चट्टे आले, ते पुढे काळे पडले. रोज पाणी देऊनही कांड्या सुरकुतत गेल्या.

आधी पाणी दुप्पट केलं, मग खत, मग बुरशीनाशक. महिनाभर नुसता वैताग!

शेवटी रोप उपसलं. कुंडीत तळापर्यंत ओला गच्च कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मुळं तपकिरी, पोकळ. म्हणजे मुळं कुजली होती आणि पानं उन्हानं भाजली होती. दुखणी दोन, मी उपाय करत होतो तिसऱ्यावरच.

मग असं केलं. उकळत्या पाण्यातून काढलेल्या कात्रीनं कुजलेली मुळं कापली, कापांवर दालचिनी पूड लावली (चांगल्या मुळांना लावू नका, ती सुकतात). रोप एक दिवस सावलीत तसंच ठेवलं. बाजूला भोकं असलेल्या मातीच्या कुंडीत लोणारी कोळसा आणि विटांचे तुकडे भरून ते बसवलं, काठीला बांधलं. पाच दिवस पाणी नाही, फक्त सकाळी फवारा. कुंड्या ७५ टक्के ऊन अडवणाऱ्या शेडनेटखाली टांगल्या. तापलेल्या स्लॅबवर ठेवायच्या नाहीत.

आता पाणी सकाळी सातच्या आत, खालून निथळेपर्यंत. मे महिन्यात संध्याकाळी खालची फरशी ओली करतो, रोप नाही. बोअरचं पाणी बंद, क्षारांनी मुळांची टोकं जळतात. १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश समान) पंधरवड्यातून एकदा, लिटरला अर्धा ग्रॅम.

पाचव्या आठवड्यात हिरव्या टोकाची नवी मुळं दिसली. भाजलेली पानं मात्र तशीच आहेत, ती हिरवी होत नाहीत.